कोऱ्या पाटीवरची ऑपरेटिंग सिस्टीम

१९९९च्या आसपास जपानमध्ये हिताची कंपनीचा ‘फ्लोरा प्रियस’ हा संगणक ज्यांनी विकत घेतला, त्यांच्या हार्ड डिस्कवर एक नव्हे, दोन ऑपरेटिंग सिस्टीम होत्या. पहिली विंडोज ९८. यंत्र सुरू केले की तीच उघडायची. दुसरी बीओएस. तीही संपूर्ण, चालण्याच्या अवस्थेत, डिस्कच्या वेगळ्या भागात भरलेली होती, पण ती तिथे आहे हे सांगणारी एकही खूण पडद्यावर नव्हती. यंत्र सुरू होताना ‘दोन्हींपैकी कोणती हवी’ एवढेच विचारणारा छोटासा प्रोग्राम असतो, त्याला बूट मॅनेजर म्हणतात. तो हिताचीने घातलाच नव्हता. विकत घेतलेल्या वस्तूचा अर्धा भाग कसा शोधायचा आणि कसा चालू करायचा, याच्या सूचना बीओएस बनवणाऱ्या बी कंपनीला ग्राहकांसाठी वेगळ्या लिहाव्या लागल्या.

ही सिस्टीम आज वापरून पाहिली तरी तिची चपळाई जाणवते. ती हरली हे खरे. ती वाईट होती म्हणून हरली, असे मात्र म्हणता येत नाही, आणि म्हणूनच तिची हकीकत नीट सांगायला हवी.

बी कंपनी काढली ज्याँ-लुई गासे या फ्रेंच गृहस्थांनी. ॲपलची फ्रान्समधली शाखा त्यांनी १९८१मध्ये उभी केली होती. १९८५मध्ये स्टीव्ह जॉब्स ॲपलमधून बाहेर पडले, तेव्हा मॅकिंटॉशच्या विकासाची जबाबदारी गासेंकडे आली. पाचएक वर्षांनी त्यांनाही ॲपल सोडावे लागले. १९९०मध्ये ते बाहेर पडले आणि ॲपलच्याच न्यूटन प्रकल्पाचे प्रमुख स्टीव्ह सेकोमन यांना बरोबर घेऊन त्यांनी नवी कंपनी सुरू केली. पुढे कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये तिचे बिऱ्हाड स्थिरावले.

गासेंचे म्हणणे सरळ होते. मॅकची सिस्टीम १९८४ची, १२८ किलोबाइट मेमरीच्या यंत्रासाठी लिहिलेली. डॉस १९८१चे, आणि विंडोज त्याच डॉसच्या खांद्यावर उभे. यंत्रे शेकडो पटींनी मोठी झाली, पण जुने प्रोग्राम चालले पाहिजेत म्हणून दोन्हीकडे जुन्या पायावरच मजल्यामागून मजले चढत गेले. वरचा मजला कितीही सुरेख असला तरी पाया डळमळला की सगळी इमारत बसते. एक प्रोग्राम अडकला की अख्खा संगणक गोठायचा. त्या काळी संगणक वापरलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. गासेंनी ठरवले की जुन्याशी नाते तोडायचे आणि कोऱ्या पाटीवर लिहायचे. जुना एकही प्रोग्राम चालणार नाही, ही किंमत त्यांनी उघड्या डोळ्यांनी मान्य केली.

सुरुवातीचा बेत सिस्टीमसोबत स्वतःचे यंत्रही बनवण्याचा होता. पहिल्या नमुन्यात एटी अँड टी कंपनीचे हॉबिट नावाचे दोन प्रोसेसर होते. एटी अँड टीने हॉबिटचे उत्पादनच गुंडाळले आणि बीची काही वर्षांची मेहनत पाण्यात गेली. मग पॉवरपीसी ६०३ प्रोसेसर घेऊन सगळे पुन्हा उभे केले. ऑक्टोबर १९९५मध्ये बीबॉक्स लोकांसमोर आला. त्यात एकाऐवजी दोन प्रोसेसर होते, आणि पुढच्या बाजूला दिव्यांच्या दोन उभ्या रांगा. कोणता प्रोसेसर किती राबतो आहे, हे त्या दिव्यांवरून दिसायचे. मागे ‘गीकपोर्ट’ नावाची जोडणी होती. घरी सर्किटे जुळवणाऱ्या हौशी माणसाला आपले उपकरण थेट तिथे जोडता यावे, एवढ्यासाठी ती मुद्दाम ठेवलेली. असे यंत्र कारकुनी कामासाठी कोणी बनवत नाही. बनवणाऱ्यांचा आनंद त्यात दिसतो. जानेवारी १९९७मध्ये उत्पादन थांबले, तोवर दोन हजारांच्या आतच बीबॉक्स तयार झाले होते.

पण यंत्रापेक्षा महत्त्वाची होती आतली सिस्टीम, आणि तिथे थोडे थांबायला हवे.

त्या काळच्या बहुतेक प्रोग्रामांत सगळी कामे एकामागून एक अशा एकाच ओळीत चालायची. चित्र काढणे, कळफलकाकडे लक्ष ठेवणे, फाइल वाचणे, सगळे त्याच ओळीत. पंगतीला एकच वाढपी असावा, तो भाताचे पातेले आणायला आत गेला की बाहेर सगळी पाने रिकामी राहावीत, तसे व्हायचे. बीओएसमध्ये कामाची ओळ म्हणजे ‘थ्रेड’, आणि असे थ्रेड तिथे सढळ हाताने वापरलेले. प्रत्येक विंडोला तिचा स्वतःचा थ्रेड मिळायचा. प्रोग्राम लिहिणाऱ्याने मागितला नाही तरी मिळायचा. प्रोग्राम आत एखादे अवजड गणित करत बसला, तरी त्याची विंडो हलवता यायची, मेनू उघडायचा. दोन प्रोसेसर असतील तर सिस्टीम हे थ्रेड दोघांत आपोआप वाटून द्यायची. नव्वदच्या दशकात घरगुती संगणकात दोन प्रोसेसर ही चैन होती. आज साध्या मोबाइलमध्ये आठ कोअर असतात आणि हीच वाटणी अपरिहार्य झाली आहे. बीच्या अभियंत्यांनी ती दहा वर्षे आधीच गृहीत धरली.

प्रदर्शनांत बीची माणसे एक ठरलेली करामत दाखवायची. पडद्यावर फिरणारा घन, त्याच्या प्रत्येक बाजूवर वेगळा चित्रपट चालू. शेजारी एक पुस्तक, त्याचे पान माउसने उलटायचे आणि उलटत्या पानावरचा व्हिडिओ वाकलेल्या अवस्थेतही चालूच राहायचा. तेव्हाच्या विंडोजवर एक व्हिडिओ अडखळता चालला तरी लोक खूश असायचे. ही करामत पाहिलेल्या अनेक प्रोग्रामरांनी त्याच आठवड्यात बीओएससाठी लिहायला घेतले असेल, असे मला वाटते; नाहीतर इतक्या छोट्या कंपनीभोवती इतके निष्ठावंत जमले नसते.

या रचनेची दुसरी बाजूही सांगायला हवी. प्रत्येक विंडोचा थ्रेड वेगळा म्हणजे दोन थ्रेड एकाच माहितीला एकदम हात घालण्याचा धोका पावलोपावली. एकाने कुलूप लावून दुसऱ्याची वाट पाहायची आणि दुसऱ्याने पहिल्याची, असा पेच पडला की दोघेही कायमचे थांबतात. एका ओळीत विचार करायची सवय लागलेल्या प्रोग्रामरांना हे अवघड गेले. दुसऱ्या सिस्टीमवरचे मोठे प्रोग्राम बीओएसवर आणताना तर घाम फुटायचा, कारण त्यांचा सगळा सांगाडाच एका ओळीचा. वापरणाऱ्याला मिळालेल्या सुखाची किंमत लिहिणाऱ्याने मोजली. ते योग्यच होते असे माझे मत आहे, पण नव्या सिस्टीमला सगळ्यांत जास्त गरज लिहिणाऱ्यांचीच असते, हेही तितकेच खरे.

दुसरी थोर गोष्ट म्हणजे तिची फाइल सिस्टीम. सुरुवातीच्या बीओएसमध्ये फाइली एकीकडे आणि त्यांची माहिती ठेवणारा डेटाबेस दुसरीकडे, असा मामला होता. दोन्हींचा मेळ सारखा तुटायचा. १९९६-९७मध्ये डॉमिनिक जाम्पाओलो आणि सिरिल म्यूरियाँ या दोघांनी तो सगळा भाग नव्याने लिहिला आणि डेटाबेसचे काम फाइल सिस्टीमच्याच पोटात घातले. प्रत्येक फाइलला हवे तितके गुणधर्म चिकटवता येऊ लागले, आणि त्यांची सूची सिस्टीम स्वतः ठेवू लागली. बीओएसमध्ये आलेला प्रत्येक ईमेल ही एक साधी फाइल असायची. पाठवणारा, विषय, तारीख, वाचला की नाही, हे सारे त्या फाइलचे गुणधर्म. मग मेल वाचण्यासाठी वेगळ्या बाडबिस्तऱ्याची गरजच उरत नाही. ‘अमुक माणसाचे, न वाचलेले’ असा शोध लावून ठेवायचा, आणि नवा मेल आला की तो त्या शोधाच्या विंडोत आपोआप अवतरायचा. शोध जिवंत असायचा.

शिवाय ही फाइल सिस्टीम आपल्या बदलांची आधी नोंद करून मगच ते बदल करायची. मध्येच वीज गेली तर नोंदीवरून क्षणात सावरायची. महाराष्ट्रात लोडशेडिंगच्या दिवसांत विंडोज ९८ वापरलेल्यांना वीज परतल्यावरची स्कॅनडिस्कची ती संथ पट्टी आठवत असेल. ती वाट पाहणे तेव्हाही टाळता येण्यासारखे होते.

सिस्टीममध्ये सगळीकडे अक्षरांसाठी यूटीएफ-८ ही युनिकोडची पद्धत होती. आपण मराठीत प्रत्येक फॉन्टची वेगळी गुंतागुंत सांभाळत होतो, तेव्हाची ही गोष्ट. देवनागरीची जोडाक्षरे जुळवून दाखवण्याची सोय मात्र तिच्यात नव्हती. पाया बरोबर होता, आपल्या लिपीपर्यंत काम पोहोचले नव्हते.

आता १९९६. ॲपलची नवी सिस्टीम, कोपलँड, वर्षानुवर्षे रखडून त्या ऑगस्टमध्ये रद्द झाली. आतून नवे बनत नाही, तेव्हा बाहेरून घ्यायचे असे मुख्याधिकारी गिल अमेलिओ यांनी ठरवले. बीओएस मॅकच्याच प्रोसेसरवर चालत होती, गासे ॲपलचेच जुने. साऱ्यांना वाटले, सोयरीक जमली. घासाघीस सुरू झाली. तेव्हाच्या वृत्तांतांनुसार ॲपल सुमारे साडेबारा कोटी डॉलर द्यायला तयार होती आणि गासेंची अपेक्षा त्याच्या दुपटीहून अधिक होती. एवढ्यात स्टीव्ह जॉब्स यांची नेक्स्ट कंपनी मैदानात उतरली. १० डिसेंबरला पालो आल्टोमधल्या गार्डन कोर्ट हॉटेलात दोघांनीही ॲपलसमोर आपापली बाजू मांडली. जॉब्स यांनी पूर्ण तयारीनिशी सिस्टीम दाखवली. गासे मात्र ॲपलला आपल्यावाचून पर्याय नाही अशा खात्रीने आले होते, आणि त्यांनी नवे काही मांडलेच नाही. दहा दिवसांनी नेक्स्टच्या खरेदीची घोषणा झाली. अंतिम आकडा ४२ कोटी ९० लाख डॉलरच्या घरात गेला. आजचे मॅकओएस आणि आयफोनचे आयओएस या दोन्ही नेक्स्टच्याच वंशातल्या.

गासेंनी हाव केली म्हणून घालवले, असे ही गोष्ट सांगणारे सहसा म्हणतात. मला हे अर्धेच खरे वाटते. त्या डिसेंबरात बीओएस धड छपाईसुद्धा करू शकत नव्हती. एका यंत्राचे अनेक वापरकर्ते ही कल्पना तिच्यात नव्हती. नेक्स्टची सिस्टीम १९८९पासून बाजारात होती, तिचा पाया युनिक्सचा, आणि तिच्यावर मोठ्या संस्था काम करत होत्या. कोऱ्या पाटीचा हा तोटा. जुन्या सिस्टीमकडे वर्षानुवर्षे साठलेली, कंटाळवाणी पण अत्यावश्यक कामे करून ठेवलेली असतात. ती नव्याला एकेक करून पुन्हा करावी लागतात, आणि घाईच्या बाजारात तेवढा वेळ कोणी देत नाही.

जॉब्स परतल्यावर ॲपलने मॅकच्या नकला बनवणाऱ्या कंपन्यांचे परवाने संपवले. नव्या जी३ मॅकच्या अंतर्भागाची माहितीही बीला मिळेना. आपल्या सिस्टीमला घर हवे तर ते इंटेलच्या यंत्रांवरच, हे उघड झाले. मार्च १९९८मध्ये बीओएसची तिसरी आवृत्ती इंटेल प्रोसेसरवर आली. ती चांगली होती, वेगवान होती. आता तिला विंडोजच्या अंगणात राहायचे होते.

गासेंनी विंडोजला हटवण्याची भाषा केली नाही. विंडोज असू द्या, पत्रे आणि हिशेब तिच्यात करा. ध्वनी आणि व्हिडिओचे काम असेल तेव्हा यंत्र आमच्या सिस्टीमने सुरू करा, असे ते म्हणत. मग त्यांनी असा प्रस्ताव मांडला की ऐकणारे चक्रावले: जो संगणक उत्पादक बीओएस यंत्रात घालून देईल आणि ग्राहकाला ती सुरुवातीलाच दिसेल अशी ठेवील, त्याला ती फुकट. एकही मोठा अमेरिकन उत्पादक पुढे आला नाही. फुकट मिळणारी चांगली वस्तू कोणीच का घेऊ नये?

उत्तर मायक्रोसॉफ्टच्या परवान्यांत होते. विंडोज यंत्रात घालून विकणाऱ्या कंपनीला यंत्र सुरू होण्याचा क्रम बदलण्याची मुभा त्यात नव्हती, आणि हे करार गोपनीय असायचे. ही अट मोडून विंडोजवरची सवलत गमावणे म्हणजे धंदाच गमावणे. हिताचीच्या यंत्रावरचा तो बूट मॅनेजर कुठे गेला, याचे कारण बीने पुढे आपल्या दाव्यात हेच सांगितले. अमेरिकी सरकारच्या मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या खटल्यात न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९मध्ये वस्तुस्थितीचे निष्कर्ष दिले, त्यांत बीचाही उल्लेख आहे. प्रोग्राम नाहीत म्हणून ग्राहक नाहीत, आणि ग्राहक नाहीत म्हणून प्रोग्राम नाहीत, या अडथळ्याचे उदाहरण म्हणून.

माझ्या मते बी लढाई हरली ती पालो आल्टोच्या हॉटेलात नव्हे, इथे. बटण दाबल्यापासून पहिला पर्याय पडद्यावर येईपर्यंतचे जे काही क्षण असतात, ते कोणाच्या ताब्यात आहेत यावर सगळे ठरले. रचनेतली कोणतीही सुंदर गोष्ट तिथे उपयोगी पडत नाही, कारण रचना दिसायला आधी सिस्टीम सुरू तर व्हायला हवी.

पुढचा उतार वेगाचा होता. जुलै १९९९मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. २०००च्या सुरुवातीला गासेंनी डेस्कटॉपचा नाद सोडून इंटरनेट वापरण्यासाठीच्या छोट्या घरगुती उपकरणांकडे मोर्चा वळवला. त्याच मार्चमध्ये पाचवी आवृत्ती आली. तिची एक प्रत विंडोजच्या डिस्कवर एका मोठ्या फाइलच्या रूपात राहायची आणि लोकांना मोफत मिळायची. विंडोजच्या नियमांना वळसा घालण्याची ही शेवटची, फार हुशार युक्ती. पण कंपनीचे लक्ष दुसरीकडे गेले होते. सोनीचे ‘इव्हिला’ हे बीच्या सिस्टीमवर चालणारे उपकरण २००१च्या उन्हाळ्यात आले आणि त्याच उन्हाळ्यात मागे घेतले गेले. ऑगस्टमध्ये पाम कंपनीने बीची तांत्रिक मालमत्ता १ कोटी १० लाख डॉलरच्या शेअरांत विकत घेतली. उरलेल्या नावापुरत्या कंपनीने फेब्रुवारी २००२मध्ये मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. सप्टेंबर २००३मध्ये तडजोड झाली. कोणताही दोष कबूल न करता मायक्रोसॉफ्टने २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर दिले. सिस्टीम विकून मिळाले, त्याच्या दुपटीहून अधिक तिच्या अडवणुकीच्या दाव्यातून मिळाले.

माणसे मात्र विखुरली आणि जिथे गेली तिथे ते विचार घेऊन गेली. जाम्पाओलो ॲपलमध्ये गेले. मॅकवरचा स्पॉटलाइट शोध आणि २०१६मध्ये जाहीर झालेली ॲपलची एपीएफएस फाइल सिस्टीम, दोन्हींत त्यांचा मोठा वाटा आहे. बीच्या शेवटच्या दिवसांत प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलण्यासाठीची ‘बाइंडर’ नावाची यंत्रणा आकाराला येत होती. पामने ती पुढे चालवली, डायान हॅकबॉर्न यांनी तिच्यावर काम केले, आणि त्या व बीचे आणखी काही अभियंते पुढे अँड्रॉइडच्या चमूत गेले. अँड्रॉइडवरची ॲप्स सिस्टीमशी आणि परस्परांशी बोलतात ती बाइंडर नावाच्याच यंत्रणेतून. गल्लीतल्या चहावाल्याच्या मोबाइलवर पैसे जमा झाल्याचा आवाज येतो, तेव्हाही आत बाइंडरच निरोप पोहोचवत असतो.

ज्यांना विचारांचा वारसा पुरत नव्हता, सिस्टीमच हवी होती, त्यांनी वेगळी वाट धरली. पामच्या खरेदीची बातमी आल्याबरोबर, ऑगस्ट २००१मध्येच, मायकेल फिप्स यांनी ‘ओपनबीओएस’ची हाक दिली. बीओएसची पाचवी आवृत्ती पुन्हा लिहायची, मूळ बंदिस्त कोड न पाहता, पण इतकी हुबेहूब की जुने प्रोग्राम बदल न करता चालावेत. हे वेडे धाडस शक्य झाले ते मूळ रचनेमुळे. बीओएस वेगवेगळ्या ‘किट’मध्ये नेटकी विभागलेली होती, प्रत्येक किटचे दस्तऐवज उघड होते. त्यामुळे स्वयंसेवकांना एकेक किट लिहून खऱ्या बीओएसमध्ये बसवून तपासता आले. गाभा म्हणून बीचे माजी अभियंते ट्रॅव्हिस गायसेलब्रेख्ट यांचा न्यूओएस घेतला. २००४मध्ये नाव बदलून ‘हायकू’ ठेवले, कारण बीओएसचा ब्राउझर त्रुटींचे संदेश हायकूच्या रूपात द्यायचा. शिरीष पैंमुळे मराठी वाचकांना जवळचा झालेला तो काव्यप्रकार असा एका सिस्टीमच्या नावावर जाऊन बसला.

पहिली चाचणी आवृत्ती यायला सप्टेंबर २००९ उजाडले. पहिली बीटा सप्टेंबर २०१८मध्ये, पाचवी सप्टेंबर २०२४मध्ये. ‘आवृत्ती १’ असे निखळ नाव अद्याप तिला लावलेले नाही. दोन दशकांहून अधिक काळ, बहुतांशी मोकळ्या वेळात, लोक ही सिस्टीम लिहीत आहेत. कोणी तिला छंद म्हणेल. मला तिच्यात कारागिरीवरची निष्ठा दिसते, आणि तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पेन ड्राइव्हवरून जुन्या लॅपटॉपवर तिला सुरू करून पाहा; विंडोच्या पिवळ्या टॅबपासून जिवंत शोधांपर्यंत सगळे तिथे आहे.

आणि गासेंनी ज्या प्रश्नापासून सुरुवात केली, तो आता हायकूच्या लेखकांपुढे आहे. जुन्या बीओएसचे प्रोग्राम चालावेत म्हणून तिची ३२ बिटांची आवृत्ती आजही नव्वदच्या दशकातल्या एका कंपायलरची, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रामची, बंधने पाळते. ६४ बिटांच्या आवृत्तीने ते ओझे उतरवले आहे. तिच्यावर बीओएसचे जुने प्रोग्राम चालत नाहीत. पहिल्या आवृत्तीपर्यंत जुन्याशी नाते राखायचे आणि दुसऱ्या आवृत्तीत गरज पडेल तिथे ते तोडायचे, अशी चर्चा प्रकल्पात फार पूर्वीपासून आहे. किती तोडायचे, हे अजून ठरायचे आहे.